दवाखान्याच्या डिस्कचं टोपण

मला लोक चिडका म्हणतात आणि ते खरं आहे. अंबाजोगाईत कॉलेजच्या रस्त्याला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. कुणी आत येऊन "जरा बघा ना, चालूच होत नाही" म्हणालं की माझं डोकं सटकतं. चालू होत नाही म्हणूनच आणलास ना बाबा, का आरती ओवाळायला आणलास? अब्बा डिझेल पंपाचे मेकॅनिक होते, तेही असेच. गिऱ्हाइकाला आधी दोन शिव्या, मग काम. पण काम असं करायचे की तो माणूस पुढची दहा वर्षं पंपासाठी तोंड दाखवायचा नाही. त्यांची जीभ माझ्यात पुरेपूर उतरली. हातही उतरला असं मी गेल्या वर्षापर्यंत समजत होतो.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर दोन बायका दुकानात आल्या. शिरूर कासारकडच्या, सख्ख्या जावा. मोठी चाळिशी ओलांडलेली, धाकटी तिच्याहून दोन-तीन वर्षांनी लहान, पण दोघी दिसायला साठीच्या वाटत होत्या. मोठी बाकड्यावर बसताना गुडघ्याला हात लावून "आई गं" म्हणाली. धाकटी उभीच राहिली. हातात पिशवी, पिशवीत भाकरीचं फडकं.

"भाऊ, बंद पडलेल्या दवाखान्याचं मशीन तुमच्याकडं हाय का?" मोठीनं विचारलं.

कुठला दवाखाना ते तिनं सांगितलं. मी इथं सांगत नाही. तो बंद होऊन बरीच वर्षं झाली, डॉक्टर कुठल्या शहरात गेले कुणालाच ठाऊक नाही. इमारतीच्या मालकानं उरलेलं सामान भंगारात घातलं, आणि भंगारवाल्यानं त्यातला कॉम्प्युटर नि डिस्कचा डबा मला आणून दिला, कारण जुनं हार्डवेअर मी घेतो हे त्याला माहीत होतं. बायका आधी मालकाकडं गेल्या होत्या, मालकानं भंगारवाल्याकडं धाडलं, भंगारवाल्यानं माझ्याकडं. तीन गावं, चार एसट्या.

"काय करायचंय त्या मशीनचं?" मी म्हणालो. आवाज नेहमीसारखाच वरच्या पट्टीत.

मोठीनं धाकटीकडं बघितलं. मग पदर तोंडाशी धरून सांगायला लागली. ऐन विशीत तिची गर्भपिशवी काढली होती. पोटात दुखतंय म्हणून ऊसतोडीच्या मुकादमाच्या बायकोबरोबर त्या दवाखान्यात गेली. तिथं पोटावर मशीन फिरवलं आणि सांगितलं, गाठ हाय, काढली न्हाई तर कॅन्सर व्हईल. आठ दिवसांनी पिशवी काढली. त्याच आठवड्यात धाकटीची काढली. तिलाही गाठ सांगितली होती. कारखान्यावर जायच्या आधी टोळीतल्या लई बायकांची तशीच निघाली. पाळी नाही, मग ऊस तोडताना खाडा नाही.

"आता हाडं दुखत्यात, अंगातून वाफा निघत्यात. इथल्या मोठ्या दवाखान्यात दावलं. त्या डॉक्टरीणबाई चांगल्या हायत. त्या म्हणल्या, पिशवी कावून काढली? कागद आणा. कागद कुठला आणू? फडावरल्या कोपीत पाणी शिरलं तवाच गेला."

"मग?"

"कागदाचं जाऊ द्या, भाऊ." ती थांबली. "खरंच गाठ व्हती का न्हाई, तेवढं मला बघायचंय. त्या मशीनमधी फोटो काढून ठिवत्यात, असं तवा कंपाउंडर म्हणलता. डोळ्यांनी बघितलं की माझं मन शांत व्हईल. नसंल तर नसंल. पण कळू तर द्या."

तिला पैसे नको होते, कुणावर केसही करायची नव्हती. वीस वर्षं हाच एक प्रश्न मनात घेऊन ती ऊस तोडत होती.

आता डिस्कचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आजकाल प्रत्येक डिस्कला आपली एक वायर असते, खोचली की झालं, कुणालाही जमतं. तेव्हा तसं नव्हतं. त्या जातीच्या डिस्क एकाच जाड केबलवर एकामागे एक जोडायच्या. प्रत्येकीला वेगळा नंबर द्यायचा, दोघींना एकच नंबर पडला तर दोघी गप्प. आणि केबलच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर लागायचा. आम्ही त्याला टोपण म्हणायचो. टोपण नसेल तर सिग्नल टोकाला जाऊन माघारी येतो, विहिरीत हाक मारल्यावर येते तशी स्वतःचीच हाक त्याला ऐकू येते, आणि कुणाचं काय चाललंय हे मशीनला समजत नाही. टोपण जास्त झालं तर उलटं, सिग्नल इतका मरगळतो की डिस्क दिसतच नाही. एक टोक कॉम्प्युटरमधल्या कार्डाकडं असतं, त्याचं टोपण कार्डातच. दुसरं शेवटच्या डब्याच्या पाठीमागं लावायचं. हे सगळं माझ्या बोटांना पाठ होतं.

"आठ दिवसांनी या," मी म्हणालो.

"गाडी भरायच्या आत व्हईल का?" मोठी म्हणाली. "यंदा कर्नाटकात जायचंय. एकदा गेलो की उन्हाळ्यातच माघारी."

"होईल म्हणलो ना!"

त्या गेल्या. दवाखान्याचा कॉम्प्युटर मी केव्हाच सुटा करून विकला होता, उरलेला तो डबा माळ्यावरून काढला. डबा बुटाच्या खोक्याएवढा, मागं दोन तोंडं, त्यात कोळ्याची जाळी. त्याला चालणारं कार्ड आणि त्या कार्डाला चालणारा जुना डेस्कटॉप जमवायला तीन दिवस गेले. एक डेस्कटॉप शिवणकाम शिकवणाऱ्या एका संस्थेच्या अडगळीत होता, त्याचा पॉवर सप्लाय मी दुसऱ्यातून बसवला. टोपण माझ्याकडं एकच उरलं होतं, खिळ्यांच्या बरणीत. दाताच्या ब्रशनं पेट्रोल लावून त्याच्या पिना घासल्या. भीती एकच होती. इतकी वर्षं न फिरलेली डिस्क फिरायला लागली तर लागते, आणि कधी कधी एकदाच लागते. म्हणून उगाच बटण दाबत बसायचं नाही असं ठरवलं.

बटण दाबलं. आत मोटार कुरकुरली, मग फिरली. मी अल्लाचं नाव घेतलं. पण कॉम्प्युटरला डिस्क दिसेना. नंबर बदलला, केबल बदलली, कार्ड काढून दुसऱ्या खाचेत लावलं. कधी दिसायची, कधी नाही. दिसली तरी नावाच्या जागी कचरा. शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं डोकावून विचारलं, "काय बे, अजून जुन्याच बायकोशी भांडायलास का?" मी त्याला हाकललं. उरलेले दिवस असेच गेले, आणि रोज मला वाटत होतं की आज डिस्क मरणार.

ठरल्या दिवशी दुपारी दोघी हजर. मी खोटं बोलून पिटाळणार होतो, पण मोठीनं बाकड्यावर बसून भाकरीचं फडकं सोडलं आणि म्हणाली, "तुमी करा तुमचं. आमी बसतो." आता हिला कसं हाकलणार? मी पुन्हा डब्यात डोकं घातलं.

धाकटी माझ्या हाताकडं बघत होती. शोकेसवर माझे स्क्रूड्रायव्हर ओळीनं ठेवलेले होते. सहज बोलायचं म्हणून ती म्हणाली, "दसऱ्याला पूजा करत्याल ना याची?"

"मी नाही करत, शेजारच्या वहिनी करतात. माझ्याही सामानाला कुंकू लावून जातात," मी म्हणालो, आणि एकदम आठवलं.

दसरा. त्या दवाखान्याचं काम माझ्याकडंच होतं! हे मी बायकांना सांगितलेलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे असं मला वाटलंच नव्हतं. महिन्या-दोन महिन्यांनी मी स्कूटरवर जाऊन ते मशीन बघून यायचो. एका दसऱ्याला तिथल्या कंपाउंडरनं पूजेसाठी मशीनचं जे जे सुटं निघेल ते काढून, पुसून पाटावर मांडलं. त्यात डब्यामागचं टोपणही होतं. हळदकुंकू, अक्षता, वर झेंडूची फुलं. दुसऱ्या दिवशी फुलं गोळा करून विहिरीत सोडली, आणि फुलांच्या ढिगाबरोबर टोपणही विहिरीत. डिस्क बंद पडली तसा त्यानं मला बोलावलं. मी त्याला इतका झाडला की तो रडकुंडीला आला. दुसरं टोपण मिळेना, म्हणून मी डबा उघडून डिस्कच्या पोटातली एक छोटी पिन लावली. ती लावली की डिस्क स्वतःच टोपणाचं काम करते. ती पिन अजून तिथंच होती, आणि मी मूर्ख इतके दिवस बाहेरूनही टोपण लावत होतो.

बाहेरचं टोपण उपटून काढलं. बटण दाबलं. डिस्क लगेच दिसली, नावासकट, जशी कालच बंद केली होती. मला इतका आनंद झाला की मी मोठीला म्हणालो, "ताई, तुमचं नशीब जोरात हाय."

दवाखान्याचा फोल्डर होता. आत बायकांची नावं, इंग्रजी अक्षरांत, कुणाचं स्पेलिंग धड नाही. मी वरून खाली वाचत गेलो. मोठीचं नाव सापडलं, गावासकट. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी बोट ठेवून दाखवलं. हे तुम्ही. तिनं काचेला हात लावला.

फोटो उघडला. काळापांढरा, सुपासारखा पसरलेला. मला त्यातलं काही कळत नाही, पण कळण्यासारखी एकच गोष्ट होती. मधोमध एक गोल काळपट डाग, त्याच्या दोन कडांना दोन फुल्या आणि फुल्यांना जोडणारी टिंबांची रेघ. मोजमाप घेतलेलं.

"ही गाठ," मी म्हणालो.

मोठी पुढं वाकली. बराच वेळ बघत राहिली. मग मागं टेकली आणि तिच्या छातीतून असा श्वास निघाला की मला माझ्या अम्मीची आठवण झाली.

"व्हती म्हणजे," ती म्हणाली. "व्हती बाई."

"होती ताई."

"वीस वर्सं त्या डॉक्टरला शिव्या दिल्या मी. नवऱ्याला दिल्या. मुकादमाच्या बायकोचं तर तळपट झालं पायजे म्हणलते. सगळ्या फुकाट गेल्या की वो." ती हसली. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसत होती. "खरंच व्हती. मग बरं झालं काढली ते. न्हाईतर मेले असते मी."

कितीतरी वर्षांनी मी काहीतरी दुरुस्त केलं होतं असं वाटलं. समोरच्या टपरीवर तीन चहा सांगितले. झेरॉक्सवाल्यालाही हात केला.

चहा पिता पिता धाकटीनं पहिल्यांदाच स्वतःसाठी काही मागितलं. "माझं बी दावा की."

तिचं नाव खाली सातआठ नावं सोडून होतं. मी उघडलं. स्क्रीन क्षणभर काळी झाली आणि फोटो आला. सुपासारखा. मधोमध गोल डाग. दोन फुल्या, टिंबांची रेघ.

"भाऊ, हे माझंच हाय," मोठी म्हणाली. "हिचं दाबा."

"दाबलंय."

"मग हाललं कावून न्हाई?"

जुनं मशीन अडकतं कधी कधी, असं मला वाटलं. खरंच वाटलं. बंद करून पुन्हा उघडलं. तेच. भलत्याच नावावर क्लिक केलं. तेच. त्याच्या खालच्यावर, त्याच्याही खालच्यावर. डाग तोच, फुल्या त्याच जागी, कोपऱ्यातला धुरकट ओरखडासुद्धा तोच. मग मी फोटो उघडणं सोडून नुसती यादी बघितली. अगदी वरची थोडी नावं सोडली तर खाली प्रत्येक नावासमोर फाइलचा आकार शेवटच्या आकड्यापर्यंत एकसारखा.

मी माउस सोडला. कारण तो फोटो मी ओळखला होता.

टोपण विहिरीत गेलं आणि मी पिन लावली, त्याच दिवशीची गोष्ट. डिस्क नीट लिहिते का हे बघायचं होतं. मशीनमध्ये फोटो घेणारं जे कार्ड होतं त्याच्याबरोबर एक सीडी आली होती, तिच्यात नमुन्याचे फोटो होते. त्यातला एक मी डिस्कवर टाकला, उघडून बघितला, उघडला. काम झालं. कंपाउंडर मागं उभा होता. तो म्हणाला, साहेब, हाच फोटो दुसऱ्या नावानं टाकायचा झाला तर कसा टाकायचा? मी विचारलं नाही कशाला. मघा त्याला फार बोललो होतो, त्याची मला लाज वाटत होती, म्हणून प्रेमानं शिकवलं. हे दाब, इथं नाव बदल, हे दाब. दोनदा त्याच्याकडून करून घेतलं. निघताना त्यानं मला दसऱ्याचं सोनं दिलं, आपट्याची पानं. मी शर्टाच्या खिशात घालून घरी आलो.

तो फोटो लावलेली यादीतली पहिली बाई त्याच दिवसानंतरची होती. तिच्या वरच्या थोड्या बायकांचे, त्याआधीचे, फोटो वेगवेगळे होते.

हे मी दुकानात बसून पाच मिनिटांत समजलो आणि त्या दोघी माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मोठीला अजून कळलं नव्हतं. धाकटीला कळलं. तिनं चहाचा कप खाली ठेवला.

"आक्का," ती जावेला म्हणाली, "ही तुजी बी न्हाई अन् माजी बी न्हाई. एकच फोटू समद्यांना लावलाय."

मोठी स्क्रीनकडं बघत राहिली. मघाचं पाणी गालावर तसंच होतं, पुसलंही नव्हतं. मला वाटलं ती रडेल, ओरडेल, माझा तो डबा उचलून रस्त्यावर आपटेल. आपटला असता तर मी हात धरला नसता. ती विचारायला आली होती गाठ होती का नव्हती. आता तेही सांगता येत नव्हतं. हा फोटो तिचा नाही एवढंच कळलं, तिच्या पोटात काय होतं ते कुणी बघितलंच नसेल, किंवा बघून ठेवलं नसेल. ते आता कधीच कळणार नाही. या डिस्कमधून नाही, कुठल्याच डिस्कमधून नाही.

"म्हणजे माझ्या शिव्या बरूबर व्हत्या का चूक?" तिनं मला विचारलं. अगदी साध्या आवाजात, जसं एसटी किती वाजता आहे विचारावं.

"ताई, मला..." माझ्या तोंडून पुढं शब्द फुटेना. मी, जो दिवसभर लोकांवर खेकसतो. सांगायचं होतं की तो फोटो मी टाकला. मी शिकवलं त्याला. सांगितलं नाही. मी भित्रा आहे, हे मला त्या दुपारी कळलं. तोंड वाजवणारी माणसं बहुतेक भित्रीच असतात.

धाकटीनं फडकं पिशवीत भरलं. जावेचा दंड धरून तिला उठवलं. दारापर्यंत गेल्या आणि मोठी परत वळली.

"भाऊ, पण ही कुणाची तरी असंल ना? ज्या कुणाची गाठ हाय ती?"

"हो," मी म्हणालो. "कुणाची तरी असणार."

"तिची तरी काढली का वेळेवर?"

सीडी परदेशी कंपनीची होती. ती बाई कोण, कुठली, जगली का मेली, मला काय माहीत? त्या दिवशी मी विचारलंही नव्हतं.

"काढली, ताई," मी म्हणालो. "ती बरी झाली."

मोठीनं मान हलवली. "चला," ती जावेला म्हणाली, "एकीचं तरी खरं व्हतं." आणि दोघी उन्हात स्टँडकडं चालत गेल्या.